आर भाषेतली लिस्ट: कंस, डॉलर आणि जुना वारसा

आर ही आकडेवारीच्या कामाची प्रोग्रामिंग भाषा. तिच्यात लिस्टमधून, म्हणजे वेगवेगळ्या प्रकारचे घटक ठेवता येणाऱ्या यादीतून, घटक काढायच्या तीन वाटा आहेत आणि तिघींचं वागणं वेगळं आहे. एकेरी चौकटी कंसातून ([ ]) नेहमी लिस्टच परत येते, भले तिच्यात एकच घटक असो. दुहेरी कंसातून ([[ ]]) आणि डॉलरच्या चिन्हातून ($) खुद्द घटक हाती येतो. तीन घटकांच्या लिस्टकडे पाचवा मागितला, तर दुहेरी कंस त्रुटी देतो, एकेरी कंस नल (NULL, म्हणजे ‘काहीच नाही’) असलेली लिस्ट देतो. नसलेलं नाव डॉलरने मागितलं, तर तो गुपचूप नल हातावर ठेवतो.

याची मुळं एस भाषेत आहेत. बेल लॅब्समध्ये १९७६ साली जॉन चेंबर्स आणि सहकाऱ्यांनी तिचं काम सुरू केलं. टर्मिनलवर बसून आकडेमोड करणाऱ्याला कमी टंकावं लागावं, हा तिचा स्वभाव. म्हणून घटकाचं नाव अर्धवट लिहिलं तरी ते जुळवून घेतलं जाई. ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन यांनी आर घडवली तेव्हा वाक्यरचना एसची आणि आतली बैठक बरीचशी स्कीम या दुसऱ्या प्रोग्रामिंग भाषेची ठेवली. एकेरी कंसातली अर्धवट जुळणी आरने घेतलीच नाही. दुहेरी कंसात आज ती मुद्दाम मागावी लागते. डॉलरमध्ये मात्र ती अजून जिवंत आहे.

खरा घोळ मूल्य देताना होतो, कारण तिथे अर्धवट जुळणी कधीच चालत नाही. लिस्टमध्ये ‘वजनमाप’ नावाचा घटक आहे, त्यात ५ आहे. ‘लिस्ट$वजन’ वाचलं की ५ मिळतात. पण ‘लिस्ट$वजन <- लिस्ट$वजन + १’ लिहिलं, तर ‘वजन’ हा नवा घटक तयार होऊन त्यात ६ जातात, ‘वजनमाप’ ५ वरच राहतो. त्रुटी नाही, सूचनाही नाही. प्रोग्राममध्ये डॉलरऐवजी दुहेरी कंस वापरावा, हे बरं.

मूल्य देताना वापरायच्या या बाणाचीही गंमत आहे. आस्की म्हणजे संगणकासाठी अक्षरांना आकडे देणारा संच. त्याच्या १९६३ च्या रूपात ज्या जागी डावा बाण होता, तिथे पुढे अधोरेखा (_) आली. एसमध्ये आणि सुरुवातीच्या आरमध्ये अधोरेखेने मूल्य देता येई. ती सोय नंतर काढली, म्हणून आज नावांत अधोरेखा चालते.

घटकाला नल दिलं की तो लिस्टमधून जातो आणि मागचे सगळे एक घर पुढे सरकतात. चढत्या क्रमाच्या लूपमध्ये असे घटक काढले, तर काढलेल्याच्या लगतचा घटक तपासायचा राहतो आणि शेवटी अनुक्रमांक मर्यादेबाहेर जातो. शेवटून सुरुवातीकडे यावं. नल ही किंमत म्हणून साठवायची असेल, तर एकेरी कंस वापरून उजवीकडे नल असलेली एका घटकाची लिस्ट द्यावी.

घटक बदलणं म्हणजे आतून एक फंक्शन बोलावणं, आणि त्याचं उत्तर जुन्याच नावाला पुन्हा बांधणं. त्यामुळे एक घटक बदलला तरी पूर्वी सगळ्या घटकांची प्रत निघत असे. ३.१.० आवृत्तीपासून (२०१४) न बदललेल्या घटकांची प्रत निघत नाही. ४.०.० मध्ये (२०२०) संदर्भमोजणी, म्हणजे एकाच मूल्याकडे किती ठिकाणांहून बोट दाखवलं जातं याची नोंद, आल्यावर उरलेल्या अनावश्यक प्रतीही घटल्या.