ऊन पडलेल्या घळीत पूर : स्लॉट कॅन्यनच्या नियमांमागचा इतिहास

सांगलीत थेंबही पडला नाही तरी आयर्विन पुलाजवळ कृष्णा चढते, हे इथे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. पाऊस महाबळेश्वर-नवजाला झालेला असतो. पण 40 फुटांची इशारा पातळी आणि 45 फुटांची धोका पातळी यांच्या मधल्या वेळात निदान सामान माडीवर नेता येतं. अमेरिकेच्या नैर्ऋत्येकडच्या वाळवंटी स्लॉट कॅन्यनमध्ये, म्हणजे खडकातल्या खोल आणि फटीसारख्या अरुंद घळींत, प्रकार हाच, फक्त हाताशी असतात ती मिनिटं. मुलांकडे गेलेली आपली मंडळी ॲरिझोनातल्या पेज गावाजवळचं अँटिलोप कॅन्यन हटकून पाहतात. गाईडशिवाय आत का सोडत नाहीत, ऊन असताना फेरी का रद्द करतात, असा प्रश्न तिथे हमखास पडतो.

उत्तर खडकापासून सुरू होतं. सह्याद्रीचा बेसॉल्ट भेगांवरून मोठमोठ्या तुकड्यांनी निखळतो, म्हणून आपल्याकडे ताशीव कडे दिसतात. तिथला नवाहो वालुकाश्म म्हणजे सुमारे 19 कोटी वर्षांपूर्वीच्या वाळूच्या टेकड्या, दडपून घट्ट झालेल्या. तो कणाकणाने झिजतो. पुरासोबत आलेली वाळूच त्याला घासते, आणि भिंतींना ती लाटांसारखी वळणं येतात. अँटिलोपच्या वरची आणि खालची अशा दोन घळी आहेत. वरच्या अँटिलोपमध्ये खोली सुमारे 120 फूट, रुंदी मात्र काही ठिकाणी दोन माणसं जेमतेम शेजारी उभी राहतील एवढीच. भोवतालच्या पाणलोटात माती पातळ, झाडोरा विरळ, बाकी उघडा कातळ. जोराची सर आली की पाणी मुरत नाही, सगळं या फटीत उतरतं.

12 ऑगस्ट 1997 रोजी खालच्या अँटिलोपमध्ये 11 पर्यटक बुडाले. सोबतचा गाईड तेवढा वाचला. घळीवर पाऊस जवळजवळ नव्हता. वादळ कोसळलं होतं ते वरच्या बाजूला, साधारण 11 किलोमीटरवर. जुलै ते सप्टेंबर हा तिथला पावसाळा. ढग दुपारी चढतात आणि एखाद्याच पट्ट्यावर रिते होतात, त्यामुळे घळीच्या तोंडाशी उभं राहून आभाळ पाहण्याला काही अर्थ उरत नाही. त्या वेळी उतरायला लाकडी, हौशी हातांनी बनवलेल्या शिड्या होत्या. लोंढ्याने त्याच आधी नेल्या, आणि बाहेर पडायची वाट बंद झाली.

आजच्या शिड्या खडकात बोल्टने पक्क्या केलेल्या आहेत. वरच्या कडेला खाली सोडता येतील अशी जाळी ठेवलेली असतात. तिकीटघरात हवामान खात्याचा रेडिओ चालू असतो आणि धोक्याचा भोंगा बसवलेला आहे. जमीन नवाहो आदिवासींची. परवानाधारक गाईडशिवाय प्रवेश नाही. पाठपिशवी आणि ट्रायपॉडलाही बंदी आहे, आणि ती योग्यच. एवढ्या अरुंद वाटेत अडकलेली एक पिशवी मागची सगळी रांग थांबवते. पूर अर्थातच थांबलेले नाहीत. ऑक्टोबर 2006 मध्ये 36 तास पाणी वाहिलं आणि खालची घळ पाच महिने बंद ठेवावी लागली.

युटामधल्या झायन राष्ट्रीय उद्यानात 14 सप्टेंबर 2015 रोजी कीहोल कॅन्यनमध्ये पुरात सात जणांचा जीव गेला. तिथल्या ‘नॅरोज’ या नदीतून चालायच्या वाटेचा नियम आपल्याला चटकन कळेल असा आहे: प्रवाह 150 क्युसेकच्या वर गेला की वाट बंद. कोयनेच्या पायथा वीजगृहाचं एक युनिट सुरू झालं की 1050 क्युसेक सोडल्याची बातमी येते. त्याचा हा सातवा हिस्सा. पण अरुंद पात्रात, गुळगुळीत गोट्यांवर, एवढं पाणी माणसाला पाडायला पुरतं. अचानक पुराचा इशारा निघाला तरीही वाट बंद होते आणि इशारा उठल्यावर आणखी दोन तास बंदच राहते.

गाईडशिवाय, परवाना काढून जायची मोठी घळ म्हणजे युटा-ॲरिझोनाच्या सीमेवरची बकस्किन गल्च, सुमारे 24 किलोमीटरची. मुक्कामासाठी दिवसाला 20 जणांनाच परवाना मिळतो. मधे वर चढून निसटायची वाट जवळपास मध्यावर, तीही अवघड. डबक्यांवर ऊन पोचत नाही, त्यामुळे भर उन्हाळ्यातही कमरेएवढ्या गारठलेल्या पाण्यातून जावं लागतं. प्यायचं पाणी माणशी दिवसाला चार लिटर सोबतच न्यायचं.

अंदाज पाहायचा तो घळीचा नव्हे, वरच्या सगळ्या पाणलोटाचा. डोक्यावर दोन भिंतींत अडकलेला ओंडका दिसला तर मागचा पूर तिथवर पोचला होता असं समजावं. स्वच्छ पाणी गढूळ होणं, काटक्या वाहून येणं, वरून घरघर ऐकू येणं, यातलं काहीही झालं तर प्रवाहाच्या दिशेने पळत सुटायचं नाही, मिळेल त्या कपारीवर चढायचं. चार-सहा फूटही कामी येतात. पाणी बहुधा 24 तासांत उतरतं, तोवर तिथेच बसून राहायचं.