लाल बाटली आणि मिठाचा खडा

नवतपा, म्हणजे मेअखेरचे सगळ्यात तापते नऊ दिवस, सुरू व्हायला दोन दिवस होते. दारव्ह्याच्या पुढच्या एका गावात दुपारी चारला निघालेली वरात सहाला मंडपात पोचली, कारण डीजेसमोर नाचणाऱ्यांना कसलीच घाई नव्हती. घोडी दोन तास उन्हात. अंगावर जरीची झूल, पाठीवर नवरदेव आणि त्याच्यापुढे एक भाचा. मंडपामागे नेऊन बांधली तेव्हा घोडीवाल्या काकांच्या लक्षात आलं की तिची कूस उडते आहे. त्यांनी मला फोन लावला, "डाक्टरसाहेब, घोडीले उचकी लागली. सोडा पाजला, तरी थांबूनच नाही राह्यली."

मी पोचलो तेव्हा मानेवरचा फेस वाळून पांढरा झाला होता. एक हात तिच्या कुशीवर ठेवला आणि दुसरा डाव्या कोपरामागे, छातीवर. दोन्ही हातांखाली एकच ताल होता. हृदयाचा ठोका पडला की कूस उडे. ही उचकी नव्हती.

श्वासपटलाला हुकूम देणारी नस छातीतून जाताना हृदयाच्या अगदी अंगावरून जाते. एरवी हृदयाच्या ठोक्याबरोबर जी वीज चमकते तिच्याकडे ही नस ढुंकून पाहत नाही. पण खूप घाम जाऊन रक्तातलं कॅल्शियम आणि क्लोराइड उतरलं की ती इतकी हुळहुळी होते की शेजारच्या प्रत्येक ठोक्याला दचकते, आणि तिच्याबरोबर श्वासपटल दचकतं. सोड्यामुळे यात भरच पडते. घाम गेलेल्या घोड्याचं रक्त आधीच अल्कलीकडे झुकलेलं असतं. सोडा ते आणखी झुकवतो आणि उरलंसुरलं मोकळं कॅल्शियमही प्रथिनांना चिकटून बसतं. कॅल्शियमची बाटली शिरेतून अगदी हळू, छातीला स्टेथोस्कोप लावून सोडली. कूस उडायची थांबली. काकांना हायसं वाटलं आणि त्यांनी मला गोठ्यातली फळी दाखवली.

फळीवर तीन डबे-बाटल्या होत्या. एक लाल, रक्त वाढवणारी. एक लिव्हरसाठी. तिसरा पावडरचा डबा, त्यावर उधळलेल्या घोड्याचं चित्र. "इतकं खाऊ घालून बी घोडीले ताकद काहून येत नाही जी?" काकांनी विचारलं. फळीखालची मातीची भिंत घोडीच्या तोंडाच्या उंचीवर चाटून चाटून परातीसारखी खोल झाली होती. त्यांच्या प्रश्नाचं बरंचसं उत्तर त्या भिंतीत होतं.

घोड्याचा घाम आपल्यासारखा नसतो. आपल्या घामात रक्तापेक्षा मीठ बरंच कमी असतं, म्हणून घाम गेला की रक्त खारट होतं, मेंदूला ते कळतं आणि तहान लागते. घोड्याचा घाम रक्ताइतकाच, किंबहुना थोडा जास्तच खारट असतो. लिटरभर घामात साधारण दहा ग्रॅम क्षार जातात, आणि कडक उन्हात राबणारा घोडा तासाला दहा लिटरही घाम गाळू शकतो. पाणी आणि मीठ जोडीनं गेल्यामुळे रक्ताचा खारटपणा फारसा बदलत नाही, आणि मेंदूला वाटतं सगळं ठीक आहे. म्हणून घामानं निथळलेली घोडी भरल्या बादलीत नुसतं तोंड बुडवून बाजूला होते आणि मालक म्हणतो, तिला तहानच नाही. अशा वेळी पहिली बादली किंचित खारट द्यावी, दहा लिटरला पाऊण मूठ मीठ, आणि शेजारी साध्या पाण्याची बादली ठेवावी. खारट पाणी पोटात गेलं की तहान जागी होते आणि घोडा एकूण पाणी जास्त पितो. हे प्रयोगांत तपासलेलं आहे. क्षारांची जी पेस्ट नळीनं घोड्याच्या तोंडात पिळतात तिच्यातही मुख्यतः मीठच असतं. मागून पाणी नसेल तर ती पेस्ट उलट अंगातलंच पाणी आतड्यात ओढते.

घामाचे दिवस नसले तरी ३०० किलोच्या घोडीला रोज पंधराएक ग्रॅम मीठ लागतं. कडब्यात, कुटारात, हरभऱ्यात सोडियम जवळजवळ नसतंच. मग घोडी भिंत चाटते, दोरी चघळते, शेजारच्या घोड्याचा घाम चाटते. एक मात्र सांगायला हवं. अकोला-दर्यापूरकडच्या खारपाणपट्ट्यात विहिरीचं पाणीच खारट असतं. तिथे मीठ घालण्याआधी पाणी स्वतः चाखून बघा.

आता ती लाल बाटली. नोकरीच्या पहिल्या वर्षांत मीही अशा बाटल्या लिहून दिल्या आहेत, कारण लिहून दिल्या नाहीत तर मालकाला वाटे डॉक्टरनं काही केलंच नाही. बाटलीत लोह असतं. घोड्याला लोह कमी पडणं फार दुर्मीळ. ५०० किलोच्या घोड्याची दिवसाची गरज साधारण ४०० मिलिग्रॅम, आणि नुसत्या गवत-वैरणीतून बहुतेक वेळा त्याच्या दुपटीहून जास्त लोह पोटात जातं. जास्तीचं लोह बाहेर टाकण्याची सोय शरीराकडे नाही. ते यकृतात साठत राहतं, आणि शेजारच्या बाटलीवर लिव्हर असं लिहिलेलं असतं.

शिवाय घोड्याला 'रक्त वाढवायची' गरजच पडू नये अशी व्यवस्था निसर्गानं करून ठेवलेली आहे. प्लीहा, जिला जुनी माणसं पाणथरी म्हणतात, ती घोड्यात तांबड्या पेशींची कोठी असते. घोडा निवांत उभा असताना शरीरातल्या तांबड्या पेशींपैकी मोठा हिस्सा या कोठीत पडून असतो. धावायचं म्हटलं की पाणथरी मुठीसारखी आवळते आणि ते सगळं रक्तात ओतते. शांतपणी रक्तात तांबड्या पेशींचा वाटा ३५ ते ४० टक्के असतो, भरधाव दौडीत तो ६० च्या वर जातो. माणसाला हे बेकायदेशीर इंजेक्शन घेऊनही धड जमत नाही. याचा एक परिणाम असा की रक्ताचा नमुना घेताना घोडा बिचकला तर अहवाल उत्तम येतो आणि शांत राहिला तर 'रक्त कमी'. नुसत्या आकड्यावर बाटली लिहिणाऱ्यानं हे लक्षात ठेवावं.

घोडी खरोखरच फिकट पडली असेल, डोळ्याची पापणी उलटून पांढरट दिसत असेल, तर कारण बहुधा लोह नसतंच. जंत असतील, गोचिडीचा ताप असेल किंवा सर्रा असेल. सर्रा गोमाशीच्या चाव्यातून येतो. त्याचा सूक्ष्मजीव ग्रिफिथ एव्हान्स या पशुवैद्यानं १८८० मध्ये तेव्हाच्या पंजाबातल्या घोड्या-उंटांच्या रक्तात पाहिला. ताप येतो-जातो, पोटाखाली सूज उतरते, घोडी खाते आणि तरी वाळते. पावसाळ्यानंतर आपल्याकडे असं जनावर दिसलं तर आधी रक्ताची काच सूक्ष्मदर्शकाखाली जायला हवी. लोहाच्या बाटलीनं सर्रा बरा होत नाही, फक्त महिना वाया जातो, आणि सर्ऱ्यात महिना फार मोठा.

चंदीकडे वळू, कारण खरा घोळ तिथे आहे. काका सकाळी दोन किलो भिजवलेला हरभरा तोबऱ्यात भरत, संध्याकाळी तेवढाच गव्हाचा कोंडा, आणि वरातीच्या दिवशी वर गुळाचा खडा. वैरण म्हणजे गव्हांडा आणि तुरीचं कुटार, तेही उरलं तर. त्यांच्या मते घोडी राजेशाही खात होती.

गाय चार कप्प्यांच्या पोटाची, तिचा आंबवण्याचा रांजण पुढे असतो. घोड्याचा रांजण मागे, मोठ्या आतड्यात. पुढचं जठर मात्र लहानसं, आठ ते पंधरा लिटरचं, आणि त्याचं तोंड असं घट्ट की घोड्याला उलटी होत नाही. या जठरात आम्ल चोवीस तास पाझरतं, घोडा खात असो वा नसो. त्याला विझवणारी लाळ फक्त चघळताना सुटते. म्हणून घोड्याला दिवसभर काहीतरी धाटाचं चघळायला हवं, वजनाच्या निदान दीड टक्का, म्हणजे ३०० किलोच्या घोडीला रोज साडेचार-पाच किलो कोरडी वैरण. ही अट पुरी झाली नाही तर चंदी कितीही उंची असो, जठराला आतून फोड येतात. भारी शर्यतीच्या घोड्यांत ते सर्रास सापडतात.

हरभऱ्यात चाळीस टक्क्यांच्या आसपास पिठूळ भाग, म्हणजे पिष्ट, असतं. एका वेळी वजनाच्या किलोमागे एक ग्रॅमपेक्षा जास्त पिष्ट गेलं की लहान आतड्याला ते आवरत नाही, उरलेलं मागच्या रांजणात जातं. तिथे धाटं पचवणारे जिवाणू मागे पडतात, आम्ल करणारे माजतात. पुढे पोटशूळ, आणि नशीब खोटं असलं तर खुरांच्या आतला दाह, ज्यात घोडी गरम तव्यावर उभी असल्यासारखी पाय उचलते. हिशेब करा. तीनशे किलोच्या घोडीला एका वेळी पाऊण किलो हरभरा ही मर्यादा. काकांचा तोबरा तिच्या अडीच पटीहून जास्त. "आमच्या बापानं बी दोन किलोच देल्ला," ते म्हणाले. खरं आहे, पण बापाची घोडी रोज वीस मैल चालायची आणि रात्रभर धुऱ्यावरचं गवत खायची.

कोंड्याची तऱ्हा वेगळी. गव्हाच्या कोंड्यात फॉस्फरस कॅल्शियमच्या आठ-दहा पट असतो. घोड्याला कॅल्शियम फॉस्फरसहून जास्त हवं, निदान बरोबरीनं तरी. रोज कोंडा खाल्ला की शरीर कॅल्शियमची तूट हाडांतून भरून काढतं, जबड्याची आणि चेहऱ्याची हाडं पोकळ होऊन फुगतात, आणि घोडा 'मोठ्या डोक्याचा' होतो. पूर्वी पाणचक्कीवाल्यांच्या घोड्यांना हा रोग हमखास व्हायचा, कारण त्यांच्याकडे कोंडा फुकट होता. आता बांधावर लावतात त्या संकरित नेपियरमध्येही ऑक्झलेट असतं. ते कॅल्शियमला आतड्यातच जखडून ठेवतं. गायीच्या पोटातले जिवाणू ते बऱ्यापैकी मोडतात, घोड्याला तितकं जमत नाही. त्या संध्याकाळची उडणारी कूस अशी कोंड्यापासून सुरू झालेली असू शकते. यावर उपाय म्हणजे लसूणघास. तिच्यात कॅल्शियम भरपूर आणि ती आपल्याकडे ओलिताच्या कोपऱ्यावर सहज येते.

पूरक म्हणून विकल्या जाणाऱ्या सगळ्याच गोष्टी थोतांड नाहीत. खूर चिरत असतील तर बायोटिनचा उपयोग होतो. व्हिएन्नाच्या लिपिझानर घोड्यांना रोज वीस मिलिग्रॅम देऊन ते पाहिलं गेलं आहे. पण खूर महिन्याला सेंटिमीटरभरही वाढत नाही, त्यामुळे परिणाम दिसायला नऊ महिने ते वर्ष जातं. दुकानदार हे सांगत नाही आणि दुसऱ्या डब्यानंतर मालक कंटाळतो. हिरवा चारा नसलेल्या विदर्भी उन्हाळ्यात ई जीवनसत्त्वही खरंच कमी पडतं, वाळल्या वैरणीत ते उरत नाही. क जीवनसत्त्व घोडा स्वतःच्या यकृतात बनवतो आणि ब गटाचं काम आतड्यातले जिवाणू उरकतात, त्यामुळे डब्यावरची ती अक्षरमाला बहुधा शोभेची. सांध्यांसाठीच्या ग्लुकोसामाइनचं तोंडावाटे घेतलेल्या मात्रेतून इतकं थोडं रक्तात पोचतं की मी त्यावर पैसे घालवणार नाही. ताकदच हवी तर तेल. घोड्याला पित्ताशय नसतं, तरीही त्याला तेल छान पचतं, आणि ग्रॅमामागे धान्याच्या दुपटीहून जास्त ऊर्जा देऊन पिष्टाचा धोका टाळतं. सोयाबीनच्या मुलखात ते शोधायला लांब जावं लागत नाही. थोड्या चमच्यांपासून सुरू करून दोन-तीन आठवड्यांत वाढवायचं. जवस तर आपलं जुनं पीक, केस त्यानं खरंच चमकतात. आजी लोक जवस उकळून द्यायच्या. कच्च्या भिजवलेल्या जवसात सायनाइड सुटतं आणि उकळलं की ते सोडवणारं विकर मरतं. हे कारण त्यांना माहीत नसेल, उकळणं मात्र चुकत नसे.

ज्यातून जीव जातो ते वेगळं सांगतो. फ्लोरिडात एप्रिल २००९ मध्ये पोलोच्या एका मोठ्या स्पर्धेआधी एकाच संघाचे २१ घोडे पटापट कोसळून मेले. थकवा जावा म्हणून टोचलेल्या मिश्रणात सेलेनियम चुकून फार जास्त पडलं होतं. सेलेनियम घोड्याला लागतं, पण ५०० किलोला दिवसाला जेमतेम एक मिलिग्रॅम. ऑस्ट्रेलियाचा लाडका शर्यतीचा घोडा फार लॅप १९३२ मध्ये कॅलिफोर्नियात अचानक मेला. त्याच्या केसांच्या तपासणीत मरणाआधीच्या दीडेक दिवसात पोटात गेलेलं सोमल, म्हणजे आर्सेनिक, सापडलं. घातपात की टॉनिक यावर अजून वाद आहे, पण त्याच्या प्रशिक्षकाच्या हस्तलिखित वहीतल्या टॉनिकांत सोमल आणि कुचल्याचं विष दोन्ही होती. त्या काळी तेच 'ताकदीचं' औषध.

आपल्याकडचा धोका याहून साधा आहे. पोल्ट्रीचं उरलेलं खाद्य. त्यात कोंबड्यांच्या हगवणीवर मोनेन्सिनसारखं औषध मिसळलेलं असू शकतं. कोंबडीला मारायला जी मात्रा लागते तिच्या साधारण शतांशानं घोड्याच्या हृदयाचा स्नायू मरतो, आणि त्यावर उतारा नाही. गाईच्या पेंडीच्या काही पिशव्यांतही ते असतं, तेव्हा पिशवीवरची चिठ्ठी वाचल्याशिवाय घोड्याच्या दावणीत काही टाकू नका. पावसात भिजून बुरशी आलेला मकाही तसाच. त्या बुरशीचं विष घोड्याच्या मेंदूचा पांढरा भाग वितळवतं. गाईला घातला आणि काही झालं नाही हे कारण इथे चालत नाही.

देशात २०१२ ला सव्वासहा लाख घोडे-तट्टू होते, २०१९ च्या पशुगणनेत ३ लाख ४० हजार उरले. घोडा कमी झाला तसं घोड्याचं ज्ञानही गावातून गेलं, आणि ती जागा डब्यांनी घेतली. खेड्यातल्या पशुवैद्यालाही गायी-बैलांचीच सवय. मला स्वतःला घोड्याचं बरंच काही माळेगावच्या यात्रेत लीद हातावर चोळून बघणाऱ्या म्हाताऱ्यांनी शिकवलं. अख्खे दाणे दिसले तर दात बघ, हाताला वाळू लागली तर दावण बघ.

काकांना मी काय सांगितलं? हरभरा तीन वेळात वाटा आणि निम्मा करा. कोंडा बंद. वैरण घोडीसमोरून हलू देऊ नका. जमेल तितकी लसूणघास. भिंतीजवळ मिठाचा मोठा खडा टांगा आणि वरातीहून आली की पहिली बादली खारट. "काहून जी, मीठ कशाले? ते तं ढोरायले देतेत," ते म्हणाले, पण त्यांनी खडा टांगला.

दिवाळीनंतर त्या बाजूला गेलो होतो. भिंतीचा खड्डा बुजवून सारवलेला होता आणि सारवण शाबूत होतं. फळीवर लाल बाटली अजून होतीच, धुऊन पुसून. मी तिच्याकडे पाहिलं तसे काका म्हणाले, "आता त्याच्यात तेल मोजतो. अर्धी बाटली, रोजची."