छपाई अर्ध्या तासाची, वायदा चार दिवसांचा

सांगलीतल्या एखाद्या छोट्या ऑफसेट प्रेसमध्ये दोन हजार हँडबिलं टाकायला गेलात, की मालक सांगतो, "चार दिवस लागतील." मशीन तर तासाला चार-पाच हजार इंप्रेशन, म्हणजे कागदावरचे छाप, सहज काढतं. म्हणजे छपाई जेमतेम अर्ध्या तासाची. मग बाकीचा वेळ ते हँडबिल असतं कुठे? प्रूफ व्हॉट्सअॅपवर गेलेलं असतं, पण गिऱ्हाइकाचं 'ओके' आलेलं नसतं. ओके येतं तेव्हा मशीनवर लग्नपत्रिका चढलेल्या असतात. छापून होतं तेव्हा कटिंगवाला गावाकडे गेलेला असतो.

उशीर वाढला की मालकाला आधी नवं मशीन आठवतं, मग नवी माणसं. दोन्ही खर्चाची. त्याआधी एक वही घालून बघावी. प्रत्येक जॉबच्या पाच वेळा टिपायच्या: ऑर्डर कधी आली, प्रूफ कधी पास झालं, मशीनवर कधी चढला, कधी उतरला, माल कधी गेला. दोन महिन्यांची नोंद एक्सेलमध्ये भरली की कुठल्या टप्प्याआधी कामं तुंबतात ते दिसतं. नुसत्या सरासरीवर मात्र जाऊ नये. एखादा पन्नास हजार प्रतींचा जॉब सरासरी बिघडवून टाकतो. सगळे जॉब लागलेल्या वेळेनुसार चढत्या क्रमाने लावून अगदी मधला बघितला, की नेहमीचा वेळ कळतो.

एवढंही लिहायचा कंटाळा असेल तर अमेरिकन गणिती जॉन लिटल यांनी 1961 मध्ये सिद्ध केलेला नियम आहे. प्रेसमध्ये पडलेल्या जॉबची संख्या भागिले रोज येणारे जॉब, म्हणजे एका जॉबला लागणारे सरासरी दिवस. रोज दहा येतात आणि टेबलावर, रॅकवर, कोपऱ्यात मिळून साठ पडलेत? मग तुमचा वायदा सहा दिवसांचा आहे, तोंडाने चार सांगत असलात तरी.

पुढचा प्रश्न कुठल्या महिन्यात किती माणसं लागतील हा. इथे आपल्याकडच्या प्रेसची गंमत आहे, कारण ती एकाच वेळी दोन कॅलेंडरांवर चालते. सहकारी संस्थांना आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत, म्हणजे 30 सप्टेंबरपर्यंत वार्षिक सभा घ्यावी लागते. सांगली जिल्ह्यात संस्थांना तोटा नाही, त्यामुळे ऑगस्टच्या मध्यापासून अहवालांची रीघ लागते. हे काम इंग्रजी तारखेला बांधलेलं. लग्नपत्रिका आणि गणेश मंडळांची पावती पुस्तकं मात्र पंचांगावर चालतात. 2025 मध्ये गणेश चतुर्थी 27 ऑगस्टला होती, 2026 मध्ये ती 14 सप्टेंबरला. म्हणजे एका वर्षी पावती पुस्तकं अहवालांच्या आधी उरकतात, दुसऱ्या वर्षी दोन्ही एकमेकांच्या अंगावर येतात. कारण 2026 चा अधिक ज्येष्ठ, 17 मे ते 15 जून. तोच महिना लग्नसराईही आखडतो. 'गेल्या मे महिन्यात दोन हेल्पर जास्त घेतले होते, यंदाही घेऊ' हा हिशेब अशा वर्षी सपशेल चुकतो. एक्सेलमध्ये तारखेशेजारी तिथीचा एक रकाना वाढवला तर हे आधीच दिसतं. परदेशी बनावटीच्या सॉफ्टवेअरला अधिक मास आपणहून कळेल अशी आशा ठेवू नये.

आता रोजच्या कामाचा क्रम. समजा एक मशीनमन, एक बाइंडर आणि चार जॉब आहेत. पावती पुस्तकं: छपाई 1 तास, नंबरिंग-बाइंडिंग 4 तास. लग्नपत्रिका: छपाई 2, क्रीजिंग (घडीसाठी रेघ दाबणं)-कटिंग 3. अहवाल: छपाई 4, बाइंडिंग 2. हँडबिलांचा मोठा लॉट: छपाई 3, कटिंग 1. हँडबिलवाला दारात उभा म्हणून ते आधी घेतलं, मग अहवाल, मग पत्रिका, शेवटी पावती पुस्तकं. सकाळी 9 ला सुरू केलं तर बाइंडर 12 पर्यंत हातावर हात ठेवून बसतो, कटिंग करून 1 ते 4 पुन्हा रिकामा, आणि पावती पुस्तकं संपायला रात्रीचा 1 वाजतो.

सेल्मर जॉन्सन यांनी 1954 मध्ये यावर नियम दिला. सगळ्या आकड्यांत सर्वांत लहान शोधा. तो छपाईचा असेल तर तो जॉब सुरुवातीला लावा, छपाईनंतरच्या कामाचा असेल तर शेवटी. उरलेल्यांसाठी पुन्हा तेच. इथे क्रम येतो पावती पुस्तकं, पत्रिका, अहवाल, हँडबिलं, आणि रात्री 8 ला सगळं हातावेगळं होतं. माणसं तीच, मशीन तेच, पाच तास वाचले.

अर्थात मशीनमनचा स्वतःचाही क्रम असतो: एका वेळी एकच रंग छापणाऱ्या मशीनवर आधी पिवळा, शेवटी काळा. काळ्यावरून पिवळ्यावर यायचं तर रोलर दोन-दोनदा धुवावे लागतात. हा धुण्याचा वेळ हिशेबात धरला, किंवा प्लेट (ज्यावरून छपाई होते तो पत्रा) करणं, छपाई, बाइंडिंग असे तीन टप्पे झाले, की जॉन्सनसारखा सोपा हुकमी नियम उरत नाही. तिथे संगणक लागतो, आणि तोही बरेचदा 'बऱ्यापैकी' उत्तरावर समाधान मानतो.

मालकांना सर्वांत न पटणारी गोष्ट वेगळीच आहे. मशीन क्षणभर रिकामं दिसलं की त्यांचा जीव खालीवर होतो. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीतल्या ए. के. एर्लांग यांनी 1909 पासून रांगांचं जे गणित मांडलं, ते उलटं सांगतं. कामं कधीही येतात आणि प्रत्येकाला कमी-जास्त वेळ लागतो असं धरा. सरासरी जॉब एक तासाचा असेल, तर मशीन 80 टक्के वेळ गुंतलेलं असताना नवा जॉब रांगेत सरासरी 4 तास थांबतो. 90 टक्क्यांना 9 तास. 95 टक्क्यांना 19. शेवटच्या पंधरा टक्क्यांच्या हावेपायी वायदे मोडतात. माझ्या मते मशीनमनचा रोजचा एखादा मोकळा तास फुकट गेला असं लिहिणं हाच हिशेबातला घोटाळा आहे.

पण हंगामात रिकामा वेळ ठेवायचा कुठून? त्यासाठी प्रत्येकाला सगळं शिकवायची गरज नाही. विल्यम जॉर्डन आणि स्टीफन ग्रेव्हज यांनी 1995 मध्ये वाहन कारखान्यांसाठी दाखवलं, की थोडीशीच लवचीकता साखळीसारखी जोडली तर पूर्ण लवचीकतेचा जवळजवळ सगळा फायदा मिळतो. प्रेसमध्ये त्याचा अर्थ असा: डीटीपीवाल्याने, म्हणजे संगणकावर मजकूर जुळवणाऱ्याने, प्लेट करायला शिकावं, प्लेटवाल्याने मशीन चालवायला, मशीनमनने कटिंग, कटिंगवाल्याने बाइंडिंग, आणि बाइंडरने निदान प्रूफ तपासून गिऱ्हाइकाकडून ओके मिळवावं. प्रत्येकी एकच जादा काम, पण कुठेही गर्दी झाली तरी मदत सरकत सरकत तिथे पोचते. हे शिकवायला अधिक मास बरा, काम कमी असतं. पगारात थोडी वाढ मात्र तेव्हाच बोलून घ्यावी, नाहीतर शिकलेला माणूस दिवाळीपर्यंत शेजारच्या प्रेसमध्ये दिसतो.