बोलायची खोली, गप्प बसायची खोली

बेळगावात टिळकवाडीतल्या एका हॉलवर आम्ही माहितीपट करणारे दोन दिवस जमतो. खानापूर, निपाणी, चिकोडीकडचे येतात, चंदगड-गडहिंग्लजचे येतात, धारवाडहून कन्नड मित्र येतात. कुणी लग्नाचं शूटिंग करून घर चालवतं आणि उरलेल्या दिवसांत स्वतःची फिल्म पुढं ढकलतं, कुणी कॉलेजात शिकवतं. हॉलला लागून दोन खोल्या आहेत. एकीच्या दारावर कागद चिकटवलेला असतो ‘पिच’, दुसरीच्या दारावर ‘रफ कट’. आणि पहिल्या दिवशी दुपारच्या जेवणापर्यंत निम्मी माणसं नको त्या खोलीत जाऊन बसलेली असतात.

यात त्यांचा दोष नाही. दोन्हीकडं मांडणी सारखीच दिसते. पडदा, प्रोजेक्टर, समोर चार-पाच जाणती माणसं, आपण काहीतरी दाखवायचं आणि मग त्यांनी बोलायचं. त्यात आपण दोन्हीला एकच शब्द वापरतो, ‘फीडबॅक’. या एका शब्दानं बरीच नासाडी केली आहे. माझ्या एका फिल्मची तर केलीच, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पिच म्हणजे न झालेल्या फिल्मची बाजू मांडणं. बहुतेक ठिकाणी पाच ते सात मिनिटं मिळतात, त्यातच दोन-तीन मिनिटांचा टीझर बसवायचा, आणि मग साधारण तेवढाच वेळ प्रश्नांना. अ‍ॅमस्टरडॅमच्या इडफा महोत्सवात १९९३ पासून असा फोरम भरतो, आपल्याकडं कोलकात्याचं डॉकएज २००४ पासून हेच काम करतं. समोर बसलेली माणसं चॅनलची, फंडाची, वितरणाची असतात. या फिल्ममागं पैसा लावायचा का, आपलं नाव लावायचं का, एवढं त्यांना ठरवायचं असतं. त्यामुळं त्यांचे प्रश्न पडद्यापेक्षा तुमच्याभोवती जास्त फिरतात. ही माणसं तुम्हाला वर्षभर घरात घेतील याची खात्री काय? ही गोष्ट आत्ताच का? शूटिंगचे किती दिवस धरलेत, किती पैसे जमलेत, किती कमी पडताहेत? तुम्ही सोडून दुसऱ्या कुणी ही फिल्म केली तर काय बिघडेल?

रफ कटच्या खोलीत यातलं काहीच विचारत नाहीत. तिथं येणाऱ्याचं शूटिंग बहुतेक झालेलं असतं, फुटेज ओळीनं लावून पहिली जुळणी झालेली असते, आणि त्यातून फिल्मचा आकार दिसायला लागलेला असतो. रंग दुरुस्त केलेले नसतात, आवाज वरखाली होतो, संगीत तात्पुरतं टाकलेलं असतं. कोपऱ्यात टाइमकोड, म्हणजे मिनिट-सेकंदांचे आकडे, पळत असतात, म्हणजे बघणाऱ्याला ‘अमुक मिनिटाला मी हरवलो’ असं नेमकं लिहिता येतं. इथल्या माणसांच्या हातात पैसा नाही. ती आली आहेत पहिली परकी नजर म्हणून.

एकच विषय दोन्ही खोल्यांत कसा उलटसुलट वागतो ते माझ्याच फिल्मवरून सांगते. फिल्म निपाणीतल्या बिडी वळणाऱ्या बायकांवर आहे. निपाणी आणि तंबाखू म्हटलं की आपल्या भागातल्या माणसाला १९८१ चं आंदोलन आठवतं, शरद जोशींच्या नेतृत्वाखाली शेतकरी पुणे-बंगळूर महामार्गावर बसले होते ते. पिचमध्ये मी ते मोठ्या जिव्हाळ्यानं सांगितलं. लगेच प्रश्न आला की त्या वेळचं चित्रण कुणाकडं आहे, हक्क कुणाचे, मिनिटाला किती रुपये पडतील? माझ्याकडं उत्तर नव्हतं. पुढं रफ कट दाखवला तेव्हा त्याच जागी प्रश्न आला, हे आंदोलन इथं हवंय कशाला, या बायका तर त्याबद्दल बोलतच नाहीत. पहिला प्रश्न हिशेबाचा, दुसरा फिल्मचा. दोन्ही रास्त होते. पण दोन्हींचं उत्तर मी एकाच ठिकाणी शोधत बसले असते तर एकही मिळालं नसतं.

सीमाभागातल्या आम्हा लोकांना आणखी एक अडचण असते. बाहेर कुठंही ‘बेळगाव’ म्हटलं की समोरचा आधी सीमावाद विचारतो. पिचमध्ये त्याची तयारी ठेवावीच लागते. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत हा भाग तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला, महाराष्ट्रानं २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दावा लावला, एवढं दोन वाक्यांत सांगून पुढं जायचं. नाहीतर प्रश्नोत्तरांचा सगळा वेळ त्यातच जातो आणि बिडीवाली तशीच दाराबाहेर राहते. हे लिहिताना मला काही हा प्रश्न लहान करायचा नाही. आमच्या घरात १ नोव्हेंबरला अजूनही काळा दिवस पाळतात.

पण पिचसाठी जमवलेली ती माहिती मी जशीच्या तशी फिल्ममध्ये नेली. पहिल्या कटची सुरुवात चार मिनिटांची होती. नकाशा, निवेदन, सीमावादावर नेमलेला महाजन आयोग, सगळं. रफ कटच्या खोलीत येळ्ळूरचे एक वयस्कर गुरुजी होते, त्यांनी कागदावरचं वाचून दाखवलं, “हे आम्हाला पाठ आहे, आणि ज्याला माहीत नाही त्याला चार मिनिटांत कळणार नाही.” धारवाडच्या संकलक मित्रानं वेगळ्या शब्दांत तेच लिहिलं होतं. त्याला वाटत होतं आता बातम्या संपतील आणि फिल्म सुरू होईल. ती चार मिनिटं काढली. आता फिल्म एका सुपापासून सुरू होते. मांडीवर सूप, ओल्या फडक्यात गुंडाळलेली पानं, पत्र्याचा फर्मा ठेवून कात्रीनं कापलेलं एक पान, त्यात चिमूटभर जर्दा, आणि अंगठ्यानं एका दमात वळलेली बिडी.

रफ कटच्या खोलीचे नियम आम्ही चुकतमाकत ठरवलेत. दिग्दर्शकानं सुरुवातीला दोनच गोष्टी सांगायच्या, फिल्म किती मिनिटांची आहे आणि काय व्हायचं बाकी आहे. मग दिवे बंद. फिल्म संपली की लगेच कुणी बोलायचं नाही, आधी प्रत्येकानं लिहायचं. पहिल्या फेरीत फक्त काय दिसलं, काय कळलं नाही, लक्ष कुठं सुटलं. ‘मी असतो तर असं केलं असतं’ हे दुसऱ्या फेरीत, आणि वेळ उरला तरच. या सगळ्या वेळात दिग्दर्शकानं तोंड उघडायचं नाही. संकलकानं वही घेऊन शेजारी बसायचं. हे गप्प बसणं फार जड जातं. बघणारा म्हणतो, ती बाई नवऱ्यावर रागावलेली का आहे कळलं नाही, आणि तुमच्या ओठांवर सगळी हकीकत आलेली असते. पण तुम्ही सांगितली की त्याला कळेल आणि फिल्म तशीच मुकी राहील. थिएटरात तुम्ही प्रत्येक खुर्चीशेजारी उभ्या राहणार नाही.

पिचच्या खोलीत नेमकं उलटं. तिथं गप्प बसलात तर संपलं.

गप्प बसल्यानं काय हाती लागतं त्याचं मला सगळ्यात पटलेलं उदाहरण सबटायटलचं आहे. एका प्रसंगात ठेकेदाराचा माणूस दारात बसून बिड्यांचे कट्टे मोजून घेतो. फिल्ममधली बिडी वळणारी अक्का त्याच्याबरोबर कन्नडात मोजते, “हदिनेंटु, हत्तोंबत्तु, इप्पत्तु.” आणि मान वळवून मुलीला म्हणते, “वीस झाले गं, लिही.” खाली इंग्रजी सबटायटल सलग धावत होतं, अठरा, एकोणीस, वीस, वीस झाले. आम्हा बेळगाववाल्यांपैकी कुणालाच यात काही खटकलं नव्हतं. आमचे कान दोन्ही भाषांत वाढलेत, सांधा बदलला तरी आम्हाला खडखडाट ऐकू येत नाही. रत्नागिरीहून आलेल्या एका मुलीनं लिहिलं होतं, “ती मधेच वेगळं काय बोलली? मोजणी चुकली का?” म्हणजे व्यवहार एका भाषेत आणि लेक दुसऱ्या भाषेत, ही माझ्या दृष्टीनं त्या प्रसंगातली सगळ्यात मोलाची गोष्ट, तीच बाहेरच्या बघणाऱ्यापर्यंत पोचत नव्हती. मग आम्ही कन्नड वाक्यांची सबटायटलं तिरक्या अक्षरांत केली आणि ‘वीस झाले गं’च्या आधी मुलीच्या चेहऱ्यावर अर्धा सेकंद जास्त थांबलो. पिचच्या टेबलावर हे कधीच निघालं नसतं, आणि निघालं असतं तरी तिथं त्याचा उपयोग नव्हता.

आता माझी चूक. पहिल्यांदा एका मोठ्या शहरात पिच करायला गेले तेव्हा टीझर नीट जमला नव्हता. मी म्हटलं, टीझर राहू दे, अख्खा सत्तर मिनिटांचा कटच देऊ, बघतील आणि सांगतील काय कमी आहे. एका चॅनलच्या माणसाला लिंक पाठवली. त्यानं सुरुवातीची काही मिनिटं बघितली, म्हणजे तो नकाशाच, आणि आमच्यासाठी नाही असं कळवलं. दीड वर्षानं फिल्म पार बदलली होती, पण ती त्याच्या लेखी बघून झालेली फिल्म होती. पुन्हा बघायला तो तयार झाला नाही. निर्णय घेणारा माणूस तुमची फिल्म बहुधा एकदाच बघतो. ती एक वेळ कच्च्या कटावर घालवू नका, हे मी आता खोलीत येणाऱ्या प्रत्येकाला सांगते.

उलटी चूकही रोज होते. रफ कट दाखवण्याआधी दिग्दर्शक उभा राहून पंधरा मिनिटं फिल्मची गोष्ट सांगतो, जणू पिचच करतोय. मग खोलीतली माणसं पडद्यावरची फिल्म न बघता त्यानं सांगितलेली फिल्म बघतात. सगळे म्हणतात, छान आहे. तो खूश होऊन घरी जातो आणि कट आहे तसाच राहतो.

कधी कुठं जायचं, हे त्यामानानं सोपं आहे. शूटिंगला पैसे नाहीत, थोडंच चित्रण हातात आहे, तर पिच. जुळणी उभी आहे पण काहीतरी अडतंय आणि काय ते कळत नाही, तर रफ कट. संकलन पक्कं करून आवाजाच्या कामाला दिलेली फिल्म आणू नका, तिथं ऐकलेलं काहीही तुम्ही आता बदलणार नाही. आधी चित्रण झालंय पण पुढच्या कामाला पैसे हवेत असेही असतात, त्यांनी दोन्हीकडं जावं, पण रफ कटला आधी. मोठ्या ठिकाणीही हे वेगळं ठेवतात. जून २०२४ मध्ये मुंबईच्या मिफमध्ये (मुंबई आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव) पहिल्यांदा डॉक फिल्म बाजार भरला, तिथं पैशाचे भागीदार शोधायला को-प्रॉडक्शन मार्केट आणि अपुऱ्या कटांसाठी वर्क-इन-प्रोग्रेस लॅब असे स्वतंत्र विभाग होते. अर्ज करताना नाव नीट वाचा. आपल्या भागातल्या चांगल्या फिल्म चुकीच्या विभागात अर्ज गेल्यानं मागं पडलेल्या मी बघितल्या आहेत.

एक फरक अजून आहे, आणि माझ्या मते तो सगळ्यात मोठा. पिचच्या खोलीत ज्यांच्यावर फिल्म आहे त्यांना बसवू नये. त्यांच्या जगण्याची तिथं दोन ओळींत मांडणी होते, तिच्यामागं पैशाचा आकडा लागतो. ते काम गरजेचं आहे, पण त्यांच्यासमोर करायचं नाही. रफ कटच्या खोलीत मात्र त्यांना आणावंच.

मी अक्काला बसनं निपाणीहून घेऊन आले. ती शेवटच्या रांगेत पदर खांद्यावर ओढून बसली. फिल्ममध्ये एक दृश्य आहे, ठेकेदाराचा माणूस कट्टा उलगडतो, वाकड्या-सैल बिड्या काढून बाजूच्या टोपलीत टाकतो. छाट काढणं म्हणतात त्याला, आणि छाट निघालेल्या बिडीची मजुरी मिळत नाही. सगळ्यांनी लिहिलं, दृश्य प्रभावी आहे. अक्काला लिहिता येत नव्हतं, तिची पाळी आली तेव्हा ती माझ्याकडं बघून म्हणाली, “पोरी, तू टोपली दाखवलीस आणि सोडून दिलीस. बघणाऱ्याला वाटंल त्या टाकून देतात. टाकून कुठं देतात? त्याबी घेऊन जातात की, विकतात की. टोपली जाते कुठं ते दाखव.”

दोन वर्षं मी त्या दारात कॅमेरा घेऊन उभी होते आणि टोपली कुठं जाते हे एकदाही बघितलं नव्हतं. पुढच्या आठवड्यात आम्ही निपाणीला परत गेलो, आणि या वेळी कॅमेरा टोपलीच्या मागं ठेवला.