टाइम सिरीज डेटाबेस आणि बिग डेटा प्लॅटफॉर्म : व्यावसायिक वापरातील तुलना

टाइम सिरीज डेटाबेस म्हणजे वेळेनुसार येत राहणारी मोजमापे साठवण्यासाठी आणि त्यांवर वेळेच्या हिशेबाने विचारलेल्या प्रश्नांना झटपट उत्तर देण्यासाठी घडवलेला डेटाबेस. यंत्राचे तापमान, विजेचा भार, सर्व्हरवरचा ताण, शेअरचा भाव, थोडक्यात कालश्रेणीत मांडता येईल अशी कोणतीही माहिती त्याच्या कक्षेत येते. बिग डेटा प्लॅटफॉर्म हा अनेक साधनांचा संच असतो : पुष्कळ संगणकांवर पसरलेली साठवण, तिच्यावर समांतर गणित करणारे इंजिन, आणि व्यवहार, लॉग, मजकूर, छायाचित्रे, मोजमापे असा कुठल्याही जातीचा डेटा पोटात घेण्याची तयारी. कंपन्यांमध्ये या दोहोंची तुलना बहुधा ‘आपला डेटा किती मोठा’ या प्रश्नापासून सुरू होते. हा प्रश्न सर्वांत कमी उपयोगाचा आहे. डेटा कसा येतो, त्याला काय विचारले जाणार आणि उत्तर किती वेळात हवे, यांवरून निवड ठरते. आकाराचा क्रमांक त्यानंतर लागतो.

पूर्वपीठिका. दोन्ही वाटा वेगवेगळ्या गरजांतून निघाल्या. गूगलने २००३ मध्ये आपल्या फाइल सिस्टिमवर आणि २००४ मध्ये मॅपरिड्यूस या गणनपद्धतीवर शोधनिबंध प्रसिद्ध केले. त्यांच्या आधारे डग कटिंग आणि माइक कॅफरेला यांनी उभारलेले काम २००६ मध्ये हडूप या नावाने स्वतंत्र झाले आणि याहूच्या आश्रयाने वाढले. हडूप हे नाव कटिंग यांच्या मुलाच्या खेळण्यातल्या हत्तीचे. स्वस्त सर्व्हर शेकड्याने जोडायचे, प्रत्येक तुकड्याच्या तीन प्रती ठेवायच्या आणि एखादे यंत्र बंद पडणारच असे गृहीत धरायचे, ही त्यामागची कल्पना. पुढे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली आवारात २००९ मध्ये सुरू झालेल्या स्पार्क या गणन-इंजिनाने बरेचसे गणित मेमरीत आणून वेग वाढवला. क्लाउडमधली साठवण स्वस्त झाल्यावर स्वतःचे हडूप क्लस्टर, म्हणजे जोडलेल्या सर्व्हरांचा ताफा, सांभाळण्याची हौस ओसरली. या क्षेत्रातल्या क्लाउडेरा आणि हॉर्टनवर्क्स या दोन प्रतिस्पर्धी कंपन्या जानेवारी २०१९ मध्ये एक झाल्या.

दुसरी वाट त्याहून जुनी आहे आणि ती कारखान्यांतून येते. रिफायनरी, रासायनिक कारखाने, वीजनिर्मिती केंद्रे यांच्या नियंत्रणकक्षांत तिला आजही ‘हिस्टोरियन’ म्हणतात. १९८० मध्ये स्थापन झालेल्या ओएसआयसॉफ्ट कंपनीची पीआय सिस्टिम हे त्यातले सर्वपरिचित उदाहरण. ही कंपनी २०२१ मध्ये अवेवाने विकत घेतली. बँका आणि शेअर दलालांकडे आर्थर व्हिटनी यांची केडीबी ही प्रणाली रुळली. संगणक-जाळ्यांवर नजर ठेवण्यासाठी टोबियास ओटिकर यांनी १९९९ मध्ये आरआरडीटूल आणले. त्यात फाइलचा आकार सुरुवातीलाच ठरतो आणि नवी नोंद सर्वांत जुन्या नोंदीच्या जागी बसते. नंतरची नावे आजच्या विकसकांच्या ओळखीची आहेत : साउंडक्लाउडमध्ये २०१२ साली सुरू झालेले प्रोमेथियस, २०१३ चे इन्फ्लक्सडीबी, आणि २०१७ मध्ये पोस्टग्रेस या तक्त्यांच्या डेटाबेसवर बसवलेले टाइमस्केलडीबी.

आतली रचना. मोजमापे येतात ती रोजकीर्दीसारखी, म्हणजे ज्या क्रमाने घडली त्या क्रमाने, सगळ्या खात्यांची सरमिसळ होऊन. विचारणा मात्र खतावणीसारखी असते : या मीटरचे गेल्या आठवड्यातले आकडे दाखवा. टाइम सिरीज डेटाबेस हे खतावणीचे काम डेटा लिहितानाच उरकतो. प्रत्येक मालिकेतील मूल्ये शेजारी-शेजारी ठेवतो आणि काळाचे तुकडे पाडतो. कालच्या भाराचा आलेख हवा असेल तर कालचाच तुकडा उघडला जातो. बाकीची वर्षे डिस्कवर निवांत पडून राहतात. जुना डेटा काढायचा झाला, तरी एकेक ओळ न खोडता अख्खा तुकडा टाकून देता येतो.

खरी किमया कॉम्प्रेशनमध्ये, म्हणजे डेटा दाबून लहान करण्यात, आहे. फेसबुकने २०१५ मध्ये गोरिला या आपल्या प्रणालीवर शोधनिबंध प्रसिद्ध केला, त्यातली पद्धत आता अनेकांनी उचलली आहे. एका नोंदीला टाइमस्टॅम्पचे (नोंदीच्या वेळेचे) ८ आणि मूल्याचे ८ असे १६ बाइट लागतात. पण नोंदी ठरावीक अंतराने येत असतील, तर दोन टाइमस्टॅम्पमधला फरक दर वेळी तोच असतो, आणि फरकांतला फरक शून्य. शून्य लिहायला एक बिट पुरतो. फेसबुकच्या डेटात ९६ टक्के टाइमस्टॅम्प असे एका बिटात मावले. मूल्यांसाठी आधीच्या आणि आताच्या आकड्याची बिटवार तुलना करून फक्त बदललेला भाग लिहितात. यामुळे सरासरी नोंद १६ बाइटांवरून १.३७ बाइटांवर आली. हे गुणोत्तर फेसबुकच्या सर्व्हरवरच्या मोजमापांचे होते. प्रत्येक वाचनात दशांशात हलणारा व्होल्टेज इतका दाबला जाणार नाही. विक्रेत्याच्या सादरीकरणात असा आकडा दिसला की तो कोणत्या डेटावर मिळाला, हे आधी विचारावे.

बिग डेटा प्लॅटफॉर्ममध्ये मोजमाप ही इतर अनेकांतली एक ओळ असते. ओळी पार्केसारख्या स्तंभनिहाय फाइलींत जमा होतात आणि इंजिन त्या फाइली समांतर वाचते. मोठ्या फाइली सलग वाचणे हे त्याचे बळ; दर मिनिटाला येणाऱ्या चिमुकल्या फाइली हे त्याचे दुखणे. हडूपच्या साठवणीत प्रत्येक फाइल आणि प्रत्येक तुकडा मुख्य सर्व्हरच्या मेमरीत सुमारे १५० बाइट अडवतो, असा रूढ ठोकताळा आहे. उपकरणागणिक, तासागणिक वेगळी फाइल लिहिणारी यंत्रणा म्हणूनच डिस्क भरण्याच्या कितीतरी आधी गुदमरते.

स्मार्ट मीटरचे उदाहरण. भारतात वीजवितरण कंपन्यांसाठी २०२१ मध्ये मंजूर झालेल्या सुधारित वितरण क्षेत्र योजनेत २५ कोटी स्मार्ट प्रीपेड मीटरचे उद्दिष्ट होते. महाराष्ट्रात ही मीटर वादाचा विषय ठरली. ‘टीओडी मीटर’ (टाइम ऑफ डे, म्हणजे दिवसाच्या वेळेनुसार वापर मोजणारे) हे नावही आता लोकांच्या तोंडी बसले आहे. आपल्याकडे विजेचा हिशेब १५ मिनिटांच्या ब्लॉकमध्ये होतो, म्हणजे दिवसाला ९६ ब्लॉक. एक कोटी मीटर धरले आणि प्रत्येकाकडून दर ब्लॉकला एकच आकडा घेतला, तर रोज ९६ कोटी नोंदी होतात, सेकंदाला सरासरी ११ हजारांच्या वर. ऐकायला हे प्रचंड वाटते. १६ बाइटांच्या हिशेबाने ते रोजचे सुमारे १५ गिगाबाइट आणि वर्षाचे ५.६ टेराबाइट होतात. गोरिलाचे गुणोत्तर जसेच्या तसे लागू झाले असते, तर वर्षाचा डेटा ४८० गिगाबाइटांत बसला असता. तेवढा फायदा नाही मिळाला आणि युनिटसोबत व्होल्टेज, करंट वगैरे आकडेही घेतले, तरी हा पसारा शेकडो सर्व्हरांच्या क्लस्टरचा नाही; काही नीट निवडलेल्या यंत्रांचा आहे. ‘कोटी’ हा शब्द ऐकताच हडूपची निविदा काढणाऱ्यांनी हा गुणाकार एकदा कागदावर करून पाहायला हरकत नाही.

प्रश्न वेगळे झाले की चित्र पालटते. अमुक फीडरवर आत्ता किती भार आहे, कोणत्या डीपीवर व्होल्टेज घसरतोय, कालच्या याच वेळेच्या तुलनेत मागणी किती वाढली, हे टाइम सिरीज डेटाबेसचे हुकमी प्रश्न आहेत. पण ‘मंजूर भार तोच असताना तीन वर्षांत ज्यांचा वापर निम्म्यावर आला, अशा ग्राहकांची उपविभागवार यादी द्या, त्यात थकबाकी आणि तक्रारींचा इतिहास जोडा’ असे म्हटले की मीटरचे आकडे हा उत्तराचा एक भागच उरतो. बाकीचा बिलिंगमध्ये, ग्राहक नोंदणीत, नकाशात आणि तक्रार कक्षात विखुरलेला असतो. वीजचोरीचा माग असाच लागतो : फीडरवर सोडलेली युनिटे एका बाजूला, त्यावरच्या सर्व मीटरांची बेरीज दुसऱ्या बाजूला, आणि मधल्या तफावतीचा शोध. इतके तक्ते वर्षानुवर्षांच्या डेटावर जोडणे स्पार्कसारख्या इंजिनाचे काम आहे. उत्तर यायला २० मिनिटे लागली तरी येथे कोणाचे अडत नाही.

याच उदाहरणात एक फसवा तपशील दडलेला आहे. बहुतेक टाइम सिरीज डेटाबेस वेळ यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेत ठेवतात आणि ‘दिवसाची बेरीज’ मागितली की यूटीसीचा दिवस धरतात. भारतीय वेळ साडेपाच तास पुढे असल्याने हा दिवस आपल्याकडे पहाटे साडेपाचला सुरू होतो आणि मध्यरात्रीनंतरचा वापर आदल्या तारखेत जातो. तासाच्या बेरजेत गोंधळ आणखी बारीक होतो, कारण अर्ध्या तासाच्या फरकामुळे यूटीसीचा प्रत्येक तास आपल्या घड्याळात साडेच्या ठोक्याला बदलतो. समजा विजेचा दर संध्याकाळी पाच वाजता बदलतो. साडेचार ते साडेपाच या गटात दोन्ही दरांची युनिटे मिसळतील. मूळ १५ मिनिटांच्या नोंदी शिल्लक असतील तर बेरीज पुन्हा करता येते. तासाच्या सरासऱ्या ठेवून मूळ नोंदी टाकून दिल्या असतील, तर हिशेब कायमचा बिघडला. क्वेरीत, म्हणजे डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नात, टाइमझोन स्पष्ट लिहिणे हा एका ओळीचा उपाय आहे, पण ती ओळ कोणीतरी लिहावी लागते.

मर्यादा. जुन्या नोंदींच्या सरासऱ्या ठेवून तपशील गाळण्याची सोय हा टाइम सिरीज डेटाबेसचा गुण मानला जातो. सर्व्हरच्या देखरेखीत तो आहेही. सहा महिन्यांपूर्वीच्या मंगळवारी दुपारी प्रोसेसर किती तापला होता, याचे कोणाला सोयरसुतक नसते. बिलाचे तसे नाही. ग्राहक तक्रार निवारण मंचापुढे सरासरी चालत नाही, तिथे मूळ वाचन लागते. प्रोमेथियसच्या अधिकृत माहितीतच म्हटले आहे की बिलिंगसारखी शंभर टक्के अचूकता हवी असेल तर हे साधन निवडू नये. त्यात वेगळे काही ठरवले नाही, तर डेटा १५ दिवसच राहतो. कारखान्यांतले हिस्टोरियनही जवळपास सरळ रेषेत येणारे बिंदू गाळतात. नियंत्रणकक्षाला ते पुरते, लेखापरीक्षकाला पुरेलच असे नाही.

दुसरी अडचण मालिकांच्या संख्येची. नोंदीला ओळखीसाठी लेबले लावतात; लेबलांच्या मूल्यांच्या प्रत्येक वेगळ्या जोडणीगणिक नवी मालिका तयार होते आणि मालिकांची यादी मेमरी खाते. शहर, फीडर, मीटरची जात इतपत ठीक. कोणी हौसेने ग्राहक क्रमांक किंवा व्यवहार क्रमांक लेबल म्हणून घातला की मालिका लाखांतून कोटींत जातात आणि सर्व्हर कोसळतो. इन्फ्लक्सडीबीच्या सुरुवातीच्या आवृत्त्या याबद्दल विशेष नाजूक होत्या. टाइमस्केलला याचा त्रास कमी, कारण तिथे शेवटी पोस्टग्रेसचे तक्ते असतात आणि एसक्यूएल या डेटाबेसच्या नेहमीच्या प्रश्नभाषेने ते ग्राहकांच्या तक्त्याशी जोडता येतात. मध्यम आकाराच्या कंपनीला, जिच्याकडे एसक्यूएल जाणणारी दोन-तीन माणसे आहेत, हा पर्याय बहुतेकदा सर्वांत शहाणपणाचा ठरतो.

तिसरी अडचण उशिरा येणाऱ्या डेटाची. पावसात टॉवर बंद पडला, मीटरने नोंदी स्वतःकडे ठेवल्या आणि तीन दिवसांनी एकदम पाठवल्या, हे आपल्याकडे अपवादाने घडत नाही. नवी नोंद नेहमी शेवटी लागणार, या गृहीतकावर उभ्या असलेल्या साठवणीला अशी उलटी भर खुपते. प्रोमेथियसने क्रम सोडून आलेल्या नोंदी स्वीकारण्याची सोय २०२२ मध्ये आणली, तीही वेळेची मर्यादा घालून. शिवाय आधी काढून ठेवलेल्या बेरजा पुन्हा काढाव्या लागतात.

एकत्र वापर. मोठ्या कंपन्यांत शेवटी दोन्ही नांदतात. वाटेवर येणाऱ्या नोंदी क्रमाने धरून पुढे देणारी काफ्कासारखी रांग असते. लिंक्डइनमध्ये तयार झालेली ही प्रणाली २०११ मध्ये खुली झाली. तिच्यातून एक प्रवाह टाइम सिरीज डेटाबेसमध्ये जातो आणि पडद्यावरचे आलेख व इशारे चालवतो; दुसरा कच्च्या स्वरूपात स्वस्त साठवणीत उतरतो आणि विश्लेषकांच्या हाती लागतो. काही आठवड्यांचा डेटा पहिल्याकडे, सर्व वर्षांचा दुसऱ्याकडे, अशी वाटणी बरी चालते. यातली मेख अशी की एकाच दिवसाची बेरीज दोन ठिकाणी दोन वेगळी येऊ शकते आणि बैठकीत कोणता आकडा खरा यावर वाद होतो. कोणता साठा प्रमाण मानायचा, हे आधीच लिहून ठरवलेले बरे.

या दोन जातींमधली भिंत आता पातळ होत आहे. इन्फ्लक्सडीबीची तिसरी आवृत्ती रस्ट या प्रोग्रॅमिंग भाषेत नव्याने लिहिली गेली आणि ती डेटा पार्के फाइलींत ठेवते, म्हणजे बिग डेटावाल्यांच्याच स्वरूपात. रशियातील यांडेक्समध्ये घडून २०१६ मध्ये खुला झालेला क्लिकहाउस हा डेटाबेस दोन्हीकडची कामे करतो.

डेटा पुसण्याच्या बाबतीत मात्र दोघेही अवघडतात. पंधरा-पंधरा मिनिटांच्या वापरावरून घरात माणसे केव्हा असतात आणि केव्हा नसतात, हे कळते. त्यामुळे वीज मीटरचा डेटा २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याच्या दृष्टीनेही महत्त्वाचा ठरतो. एका वर्षाचा सगळा डेटा काढायचा, तर टाइम सिरीज डेटाबेस तो क्षणात टाकतो. एकाच ग्राहकाच्या नोंदी सर्व वर्षांतून काढायच्या, तर प्रत्येक कालखंडाचा दाबलेला तुकडा उलगडून पुन्हा बांधावा लागतो. पार्के फाइली तर लिहिल्यावर बदलताच येत नाहीत. त्यावर तोड म्हणून आइसबर्ग आणि डेल्टा लेक ही तक्त्यांची स्वरूपे खोडलेल्या ओळींची नोंद वेगळी ठेवतात किंवा फाइल नव्याने लिहितात, आणि जुन्या आवृत्त्या साफ करण्याचे काम नंतर वेगळे चालवावे लागते. ते चालवले नाही, तर क्वेरीत न दिसणारा ग्राहक साठवणीत तसाच राहतो.