इंदूर–दुबई: अंतर तेच, वाट मात्र तीनदा बदलली

इंदूर ते दुबई सरळ हवाई अंतर साधारण 2,100 किलोमीटर. जाताना तीन-सव्वातीन तास लागतात, येताना थोडे कमी, कारण वरच्या थरातला पश्चिमेचा वारा येतानाच पाठीशी असतो, हिवाळ्यात तर जास्तच. दुबईचं घड्याळ दीड तास मागे असल्यामुळे तिकिटावरच्या वेळा फसव्या दिसतात. समजा रात्री साडेबाराला निघालात आणि तीन तास उडालात, तर तिथे उतरताना दोनच वाजलेले असतात.

बिजासन टेकरीजवळचा विमानतळ संस्थानी काळातला, पण परदेशाशी त्याचा थेट संबंध यायला 2019 उजाडलं. तोवर मुंबईमार्गे जायचं. त्या वाटेने अंतर फक्त तीनेकशे किलोमीटरच वाढतं. वेळ जायचा तो मुंबईत ताटकळण्यात आणि टर्मिनल बदलण्यात. 15 जुलै 2019 रोजी एअर इंडियाचं पहिलं थेट विमान सुटलं. मार्च 2020 मध्ये कोरोनाने ते बंद पडलं आणि सप्टेंबर 2021 मध्ये परत सुरू झालं, तेही आठवड्यातून एकदाच.

खरा वाद झाला 2023 मध्ये. त्या मार्चच्या अखेरीस दुबईचं विमान काढून घेतलं आणि त्याच घरातल्या स्वस्त कंपनीचं, म्हणजे एअर इंडिया एक्स्प्रेसचं, शारजाचं विमान दिलं. नकाशावर दोन्ही विमानतळांत सतरा-अठरा किलोमीटरचं अंतर, उडण्याचा वेळही जवळपास तोच. त्यामुळे ‘बिघडलं काय? आखाताची सोय कायम आहे’ असं म्हणणारे निघाले. ज्याचा मुलगा शारजात किंवा अजमानमध्ये नोकरीला आहे, त्याचं काहीच बिघडलं नाही, उलट सोयच झाली. पण दुबईहून पुढे युरोप-अमेरिकेला जाणाऱ्याला आता शारजात व्हिसा घेऊन बाहेर पडायचं, बॅगा स्वतः ओढायच्या आणि टॅक्सीने दुबई गाठायची. संध्याकाळी त्या दोन शहरांमधल्या रस्त्यावर गाड्यांची जी रांग लागते, ती पाहिलेला माणूस सतरा किलोमीटरचा हिशेब सांगत नाही. भाडं कमी झालं हे खरं, पण ‘आखाताची सोय कायम आहे’ हे उत्तर अर्धवटच होतं. इंदूरहून पुढे जाणारा प्रवासी त्या उत्तरात नव्हताच.

राहिला प्रश्न मार्गाचा. नकाशावर सरळ रेषा ओढली तर ती अहमदाबादजवळून, कच्छवरून, सिंधूच्या मुखाजवळून कराचीच्या दक्षिणेने जाते. म्हणजे मधला तुकडा पाकिस्तानी हवाई हद्दीतला. ती हद्द फेब्रुवारी 2019 मध्ये बंद झाली होती आणि पूर्ण उघडली 16 जुलैला, इंदूरचं पहिलं विमान सुटल्याच्या दुसऱ्याच दिवशी. एप्रिल 2025 मध्ये ती पुन्हा भारतीय विमानांना बंद झाली. दिल्लीहून पश्चिमेकडे जाणाऱ्यांना मोठा वळसा पडला. इंदूरच्या विमानाला रेषा थोडी दक्षिणेकडे, अरबी समुद्रावर सरकवली की भागतं, वाढतात ती काही मिनिटंच.