अधिक बारा, उणे बारा आणि मधलं ग्राउंड

मॉड्युलर सिंथेसायझर म्हणजे सुटी यंत्रं (मॉड्युल्स) एका कपाटात बसवून तारांनी जोडलेलं इलेक्ट्रॉनिक वाद्य. त्यासाठी पॉवर सप्लाय निवडताना पहिला प्रश्न ठरलेला असतो: किती अँपिअर? प्रश्न चुकीचा नाही, अपुरा आहे. तो अपुरा का पडू लागला, हे समजायला साठ वर्षं मागे जावं लागतं.

१९६४ साली न्यूयॉर्क राज्यातल्या ट्रुमन्सबर्ग गावात रॉबर्ट मूगने संगीतकार हर्ब डॉइच याच्या सोबतीने व्होल्टेजवर चालणारी आपली पहिली मॉड्युल्स जुळवली. पुढे रूढ झालेला हिशेब साधा होता: एक व्होल्ट वाढला की सूर एक सप्तक चढतो. सप्तकात बारा अर्धस्वर, म्हणजे एका अर्धस्वराला सुमारे ८३ मिलिव्होल्ट. आणि अर्धस्वराच्या शंभराव्या भागाला, म्हणजे एका सेंटला, जेमतेम ०.८३ मिलिव्होल्ट. रेडिओत किंवा अँप्लिफायरमध्ये विजेची किंचित चुळबुळ फार तर घरघर म्हणून ऐकू येते. इथे ती थेट सुरात उतरते.

तरी त्या काळात सप्लायची तुलना करत बसायची वेळ कुणावर आली नाही. मूगची मॉड्युल्स अधिक १२ आणि उणे ६ अशा विजोड जोडीवर चालत, एआरपी २५०० आणि नंतरची रोलँडची यंत्रं अधिक-उणे १५ वर. कपाट, सप्लाय, मॉड्युल्स सगळं एकाच कारखान्यातून यायचं आणि गिऱ्हाइकाने ते आहे तसं घ्यायचं. १९६९ साली डेव्हिड ट्यूडर याने अमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत मूगची यंत्रणा बसवून दिली, ती याच पठडीतली.

हे चित्र बदललं ते नव्वदच्या दशकाच्या मध्यावर. म्युनिकजवळच्या ग्रेफेलफिंगमधल्या डीटर डोएप्फर यांनी ए-१०० ही मालिका आणली आणि तिच्यातूनच आजचा युरोरॅक, म्हणजे अनेक निर्मात्यांचं सामायिक माप, उभा राहिला. अधिक-उणे १२ व्होल्ट, हवे तर ५ व्होल्ट, आणि संगणकाच्या आत दिसते तसली चपटी रिबन केबल, दहा किंवा सोळा पिनांची. स्वस्त, कुठेही मिळणारी, घरी दाबून तयार करता येणारी. लाल पट्टी म्हणजे उणे १२, हा संकेतही तिथलाच. हळूहळू इतर निर्माते याच मापात मॉड्युल्स करू लागले आणि एका कपाटात दहा घरची दहा मॉड्युल्स नांदू लागली. सप्लाय अकराव्या घरचा. तुलनेचा प्रश्न जन्मला तो इथे.

केबल उलटी लावली तर दहा पिनांच्या जोडणीत अधिक आणि उणे १२ सरळ अदलाबदल होतात. खाचेचा सॉकेट, संरक्षक डायोड, आपोआप सावरणारा फ्यूज ही सगळी त्यावरची मलमपट्टी, आणि ती प्रत्येक मॉड्युलमध्ये असतेच असं नाही.

पण खरी मेख ग्राउंडमध्ये, म्हणजे अधिक आणि उणे यांच्या मधल्या शून्य व्होल्टच्या तारेत आहे. सूर ठरवणारा व्होल्टेज याच ग्राउंडपासून मोजला जातो. जुन्या ढंगाचं अॅनालॉग मॉड्युल अधिक आणि उणे या दोन्ही बाजूंनी साधारण सारखाच प्रवाह घेतं. अधिककडून आलेला प्रवाह उणेकडे निघून जातो, मधल्या ग्राउंडच्या वाट्याला फक्त फरक येतो. दोन हजार दहाच्या आसपास आणि नंतर आत मायक्रोकंट्रोलर असलेल्या डिजिटल मॉड्युल्सची रीघ लागली. फ्रान्समधल्या म्युटेबल इन्स्ट्रुमेंट्सचं क्लाउड्स हे त्यातलं गाजलेलं: अधिक १२ वरून शंभराहून जास्त मिलिअँपिअर, उणेवरून नावापुरते. असं मॉड्युल जे घेतं ते जवळजवळ सगळं ग्राउंडमधूनच परत पाठवतं.

आता हिशेब मांडू. रिबनच्या २८ गेजच्या तारेचा रोध मीटरला सुमारे ०.२१ ओहम. ग्राउंडच्या सहा तारा समांतर धरल्या तर अर्ध्या मीटरला १८ मिलिओहम. त्यातून ३०० मिलिअँपिअर परत गेला की पाचेक मिलिव्होल्टचा फरक, म्हणजे सहा सेंट. ४४० हर्ट्झला जुळवलेल्या दोन ऑसिलेटरांत (सूर काढणाऱ्या मॉड्युल्समध्ये) यामुळे सेकंदाला दीडएक डोल ऐकू येते. तंबोरा जुळवणारा माणूस ती क्षणात पकडेल. मॉड्युल्स एकमेकांना जोडणाऱ्या पॅच केबलींची ग्राउंडही आपापसांत जोडली जात असल्यामुळे प्रत्यक्षात फरक थोडा कमी पडतो, पण पॅच, म्हणजे ही जोडणी, बदलला की तोही बदलतो, आणि हे जास्त त्रासदायक.

सप्लायवरचा वाद तसा जुनाच: लिनिअर की स्विचिंग? लिनिअरमध्ये जड ट्रान्सफॉर्मर आणि रेग्युलेटर. आवाज स्वच्छ, पण १८ व्होल्ट घेऊन १२ द्यायचे तर प्रत्येक अँपिअरमागे ६ वॉट नुसते तापण्यात जातात. स्विचिंग हलका आणि थंड, त्याचा गोंगाट कानाच्या टप्प्यापलीकडचा. मात्र दोन कन्व्हर्टर किंचित वेगळ्या गतीने चालले की त्यांच्यातल्या फरकाची शिटी कानाच्या टप्प्यात येऊ शकते. बाहेर लॅपटॉपसारखा अॅडॉप्टर आणि कपाटात फक्त डीसी, ही सोय लहान निर्मात्यांच्या पथ्यावर पडली. घरातली २३० व्होल्टची वीज कपाटात शिरतच नाही. टिपटॉप ऑडिओचा मायक्रोझ्यूस याच वळणाचा, आणि त्याचे आकडेच बदललेला काळ सांगतात: अधिक १२ वर २००० मिलिअँपिअर, उणे १२ वर ५००. माझ्या मते स्विचिंगला नावं ठेवण्याचे दिवस सरले. चांगला स्विचिंग सप्लाय आणि वाईट बस बोर्ड (सप्लायची वीज मॉड्युल्सना वाटणारी जोडणी) असेल तर दोष बोर्डाचा.

बस बोर्डाचे तीन प्रकार सर्रास दिसतात: एका रिबनवर ओळीने सॉकेट लावलेली लटकती बस, जाड तांब्याचा छापील बोर्ड, आणि धातूच्या पट्ट्या. पहिली लहान कपाटाला पुरते. मोठ्या कपाटात प्रत्येक बोर्डाला सप्लायपासून स्वतःची जाड तार द्यावी, एका बोर्डातून दुसऱ्यात साखळी नेऊ नये. दोन बोर्डांत निवड अडली तर मल्टिमीटर मिलिव्होल्टवर ठेवायचा, एक टोक सप्लायच्या ग्राउंडला, दुसरं सगळ्यात लांबच्या सॉकेटच्या ग्राउंडला, सगळी मॉड्युल्स चालू. दिसलेला आकडा ०.८३ ने भागला की सुराला बसणाऱ्या धक्क्याचा अंदाज सेंटमध्ये मिळतो.